घरात एव्हिल ठेवावी का? मधमाशी, पित्त, आईची झोप आणि रात्रीचा टेंपो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वडील ६४ वर्षांचे, काजूच्या बागेत मधमाश्या चावल्या, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला. तुम्ही घरातली एव्हिल ५० दिली आणि तासभर बघत बसलात, मग ते चक्कर येऊन पडले तेव्हा गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी झापलं, गोळी देऊन बसलात कशाला म्हणून. त्यात भाऊ रात्रीचा भाजीचा टेंपो चोर्ला घाटातून गोव्याला नेतो, त्याला अधनंमधनं पित्त उठतं म्हणून तोही तीच गोळी खातो, आणि आई खाते कारण तिला त्यानं झोप लागते. आणि शेवटी विचारलंय की एव्हिल वाईट आहे काय, ठेवायची की फेकून द्यायची.

मी खानापूरच्या बाजूला जनरल प्रॅक्टिस करतो, सत्तावीस वर्षं झाली. एव्हिल वाईट नाही. पण तुमच्या घरात एकच गोळी तीन माणसं तीन वेगळ्या कामांसाठी खायलेत, आणि तिन्ही कामांना ती चुकीची आहे, खरा प्रश्न हा आहे. वडलांच्या वेळी ती कमी पडली, भावाच्या वेळी जास्त होते, आणि आईच्या बाबतीत ते तिचं कामच नाही.

आधी ही गोळी करते काय ते बघू. एव्हिल हे कंपनीनं गोळीला दिलेलं नाव, आत औषध फेनिरामिन. त्याच्याच घराण्यातलं क्लोरफेनिरामिन, जे सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत असतं, फेनर्गन म्हणजे प्रोमेथाझिन, अटारॅक्स म्हणजे हायड्रॉक्झिझिन, आणि डायफेनहायड्रामिन, जे खोकल्याच्या सिरपमध्ये मिळतं. ही सगळी जुनी मंडळी, १९४०-५० च्या काळातली. ॲलर्जी झाली की कातडीखालच्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, ते ज्या कुलपात जाऊन बसतं तिथं ही गोळी आधीच जाऊन बसते. त्यामुळं खाज, गांधी, शिंका, नाक गळणं कमी होतं. एवढंच. सुटलेलं हिस्टामिन ती परत गोळा करत नाही, आणि ॲलर्जीत हिस्टामिनशिवाय आणखी चार-पाच रसायनं सुटतात त्यांना तर ती हातही लावत नाही. गोळी पोटातून रक्तात जाऊन काम दिसायला अर्धा-पाऊण तास जातो तो वेगळाच.

आता वडलांचं. मोठ्या ॲलर्जीत (ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, हा शब्द १९०२ सालापासूनचा आहे, नवीन काही नाही) रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायला लागतात, म्हणून बीपी पडतं. श्वासनळ्या आवळतात, घसा आतून सुजतो. एव्हिल बीपी चढवत नाही, श्वासनळी उघडत नाही, घशाची सूज वेळेत उतरवत नाही. ते सगळं एकटं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन करतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम म्हणजे अर्धा एमएल, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी परत. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास २००० साली छापून आला होता, त्यात माशी-किडा चावून गेलेल्यांचं हृदय किंवा श्वास बंद पडायला साधारण १५ मिनिटं लागली होती. पंधरा मिनिटं कुठं आणि गोळी चढायला अर्धा तास कुठं, हिशेब तुम्हीच करा. तुमचे वडील वाचले ते गोळीनं नाही, त्यांचं नशीब आणि तुम्ही शेवटी काढलेली गाडी.

तुम्हाला दोष द्यायचा नाही मला, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसला लागून दुसरं-तिसरं वर्ष असेल, पावसाळा, लाईट गेलेली, एक विशीतला पोरगा आला, कुठल्यातरी गोळीची रिॲक्शन, लालबुंद झालेला आणि आवाज बसलेला. मी आपलं एव्हिल आणि डेक्साचं इंजेक्शन दिलं, तेव्हा सगळेच द्यायचे, आणि बाकावर बसवून पुढचा पेशंट बघायला लागलो. दहा मिनिटांनी त्याची आई ओरडली, बघतो तर पोरगा पांढराफटक, नाडी लागत नाही. कपाटातलं ॲड्रेनलिन काढताना माझा हात थरथरत होता. दिलं, पाय वर केले, आणि पाच-सात मिनिटांत तो "पाणी द्या" म्हणाला. त्या दिवसापासून ॲड्रेनलिनची ॲम्प्युल (काचेची छोटी कुपी) आणि सिरिंज टेबलाच्या पहिल्या ड्रॉवरमध्ये, कपाटात नाही. ती ॲम्प्युल स्वस्तच असते. डॉक्टर लोक तिला घाबरतात, छातीत धडधडेल म्हणतात, पण मांडीत योग्य मात्रेत दिली तर ती घाबरण्यासारखी वस्तू नाही, न देणं जास्त धोक्याचं आहे.

एव्हिल-डेक्सा ही जोडी आपल्याकडं इतकी रुळलीय की पेशंट स्वतःच मागतात. डेक्सा म्हणजे स्टिरॉइड, त्याचा परिणाम यायला कित्येक तास लागतात. सापाचं बघा. आपल्या भागात साप चावणं नेहमीचंच, आणि सापाची लस देताना रिॲक्शन येऊ नये म्हणून आधी एव्हिल आणि स्टिरॉइड द्यायची पद्धत होती. २०११ साली श्रीलंकेत हजारावर पेशंटवर नीट चाचणी करून बघितलं, तर प्रोमेथाझिन आणि स्टिरॉइड दोन्हींचा काही उपयोग दिसला नाही, थोड्या मात्रेतल्या ॲड्रेनलिनचा मात्र स्पष्ट दिसला. तरी सवय जाता जात नाही.

मग ओळखायचं कसं की ही साधी गांधी आहे की मोठी भानगड? नुसती कातडी, म्हणजे खाज, गांधी, चावल्या जागी सूज, तर गोळी द्या आणि नजर ठेवा. पण कातडीच्या जोडीला दुसरं काहीही सुरू झालं, म्हणजे आवाज घोगरा, घसा दाटल्यासारखा, जीभ जड, शिट्टीसारखा श्वास, चक्कर, डोळ्यापुढं अंधारी, पोटात मुरडा, उलटी-जुलाब, किंवा माणूस नुसतं "मला काहीतरी होतंय" म्हणायला लागला, तर गोळीच्या भानगडीत पडू नका. कधीकधी अंगावर एक गांधी नसते आणि सरळ बीपी पडतं, म्हणून अंग बघून निर्धास्त राहू नका.

तेव्हा आडवं झोपवायचं आणि पायाखाली उशी, पोतं, जे असेल ते घालायचं. दम लागत असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उठवून चालवायचं नाही, हे फार महत्त्वाचं, आपल्याकडं पेशंटला दोघांच्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत चालवत नेतात आणि तिथंच तो कोसळतो, बीपी पडलेल्या माणसाला उभं करणं म्हणजे उरलेलं रक्तही पायात. १०८ ला फोन लावा आणि त्याच वेळी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा जो डॉक्टर जवळ आहे त्याला, की ॲलर्जी आहे, ॲड्रेनलिन तयार ठेवा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचे लोक सरळ बेळगावचं मोठं हॉस्पिटल धरतात, तासाभराचा रस्ता. मोठं हॉस्पिटल नंतर. आधी जिथं ते एक इंजेक्शन मिळतं तिथं. आणि ते मिळून बरं वाटलं म्हणून लगेच घरी पळायचं नाही, काही जणांना काही तासांनी तोच प्रकार परत येतो, म्हणून निदान सहा तास, त्रास जास्त झाला असेल तर रात्रभर, तिथंच राहायचं.

आग्या मोहोळाचं अजून एक. पन्नास-शंभर काटे लागले असतील तर ॲलर्जी असो नसो, त्या विषाचाच डोस मोठा होतो, स्नायू आणि किडनीला त्रास दोन दिवसांनी पण दिसतो. त्याला एव्हिल खाऊन घरी बसणं चालत नाही. काटा अंगात राहिला असेल तर नखानं, कार्डानं, कशानंही पण लगेच काढा, नीट कसा काढू म्हणून विचार करत बसू नका. गांधीलमाशी काटा ठेवत नाही.

आता भाऊ. याचं मला वडलांपेक्षा जास्त टेन्शन आहे, कारण वडलांचं एकदा झालं, हा रोज रात्री घाटात आहे. एव्हिल मेंदूत शिरते, म्हणून झोप येते. आणि तिचा अंमल सहा-आठ तासांत संपला असं लोकांना वाटतं, पण ही जुनी औषधं अंगातून हळू जातात, फेनिरामिन निम्मं व्हायलाच पंधरा-सोळा तासांच्या वर जातात. म्हणजे संध्याकाळी जेवून गोळी खाल्ली, दोन तास पडला आणि रात्री दोनला टेंपो काढला, तर निम्म्याहून जास्त औषध अंगातच आहे. अमेरिकेत आयोवामध्ये २००० च्या सुमारास ४० जणांना गाडी चालवायच्या सिम्युलेटरवर बसवून बघितलं होतं, डायफेनहायड्रामिन घेतलेले लोक दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट चालवत होते. त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळं, आपल्याला किती झोप येतेय हे त्या लोकांनी सांगितलेलं आणि गाडी प्रत्यक्षात किती बिघडली याचा फारसा मेळ नव्हता. "मला काही होत नाही डॉक्टर, सवय आहे" असं ड्रायव्हर म्हणतो ते खोटं बोलत नाही, त्याला खरंच कळत नसतं. चार-पाच दिवसांनी झोप कमी जाणवते हे खरं, पण म्हणून ब्रेकवर पाय वेळेत पडेलच असं नाही. त्याच अभ्यासात फेक्सोफेनाडिन घेतलेले मात्र गोळीच न घेतलेल्यांसारखेच चालवत होते.

म्हणून भावाला वारंवार पित्त उठत असेल तर त्याला नवीन पिढीतली गोळी पाहिजे, फेक्सोफेनाडिन, लोरॅटाडिन, बिलास्टिन, जी त्याच्या डॉक्टरला योग्य वाटेल ती. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन पण चांगल्या, स्वस्त, पण काही लोकांना त्यानंही पेंग येते, तेव्हा पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायची, घाटाच्या रात्री नाही. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्यायची, मोसंबी-संत्र्याच्या ज्यूसबरोबर घेतली तर अंगात नीट जात नाही. आणि महिना-दीड महिना रोज पित्त उठत असेल तर ते "पित्त" नाही, म्हणजे पोटातल्या पित्ताशी त्याचा संबंध नाही, ती कातडीची दीर्घ तक्रार आहे, त्याला रोज नियमानं गोळी लागते, उठलं की खाल्ली असं नाही. आपल्याकडं आमसुलाचं पाणी लावतात, लावू दे, थंड वाटतं, मी पण लहानपणी लावून घेतलंय.

एक गोष्ट त्याला नक्की विचारा. घाटात मळमळतं म्हणून क्लीनर किंवा तो स्वतः अव्होमिन खातो काय? ते पण प्रोमेथाझिनच. वर सर्दी झाली म्हणून सर्दीची गोळी, त्यात क्लोरफेनिरामिन. तीन वेगवेगळ्या पाकिटांतून तो एकाच घराण्याच्या तीन गोळ्या घेतोय आणि त्याला वाटतंय तीन वेगळी औषधं. दारूचं तर बोलूच नको, एक पेग आणि एक एव्हिल मिळून दोन होत नाहीत, चार होतात. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, फिटच्या काही गोळ्या, यांच्याबरोबर पण तेच.

आईचं. वय लिहिलं नाही तुम्ही, साठीच्या आसपास धरतो. झोपेसाठी ही गोळी रोज खाणं मला अजिबात पसंत नाही. पहिले तीन-चार दिवस झोप लागते, मग ती कमी होते, मग एकाच्या दोन. आणि झोप सोडून बाकीचे परिणाम तसेच राहतात, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, नजर धूसर, सकाळी डोकं जड. वयस्कर माणसाला याहून वाईट म्हणजे गोंधळ उडतो, रात्री उठून बडबड, बाथरूमला जाताना तोल जाणं. "आईला एकदम विसरायला व्हायलंय, काय बघा" म्हणून घेऊन येतात, मी डब्यातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावतो आणि दहातल्या एखाद्यात तरी अशी काहीतरी गोळी निघते. बंद केल्यावर आठवड्याभरात आई परत शेजारणीशी भांडायला लागते.

पुरुषांत प्रोस्टेट वाढलेली असेल तर अजून एक. नंदगडच्या बाजूचे एक आजोबा, खाज येते म्हणून मेडिकलमधून एव्हिल ५० आणून दिवसात तीन खाल्ल्या, रात्री लघवीच अडकली. बारा तास कण्हत होते, नळी घालून काढलं तेव्हा जवळजवळ लिटरभर. काचबिंदूचा एक प्रकार असतो त्यात डोळ्याचा दाब अचानक वाढू शकतो, तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन किंवा थेंब चालू असतील तर आधी विचारायचं. तुमच्या वडलांना पण हे दोन प्रश्न विचारून ठेवा.

लहान मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण घरात पोरं असणारच. अर्धी-पाव गोळी मोडून मुलाला द्यायची नाही, वजनावर डोस असतो. दोन वर्षांखाली प्रोमेथाझिन तर नाहीच, श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. काही मुलं ही गोळी घेऊन झोपायच्या ऐवजी उलट नाचायला लागतात, तेव्हा अजून एक देऊ नका. प्रवासात पोर झोपावं म्हणून सिरप पाजणारे आईबाप मी बघितलेत, त्यांना मी जरा आवाज चढवूनच सांगतो. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईनं घेतलेली गोळी बाळालाही गुंगी आणते, ते वेगळं विचारा.

आणि बऱ्याच खाजेला एव्हिल लागूच पडत नाही, हे आपल्या भागात मुद्दाम सांगायला पाहिजे. काजूचा चीक लागून हात-तोंड फोडांनी भरतं, बिब्ब्यानं होतं, काँग्रेस गवतानं मान आणि डोळ्याच्या पापण्या जाड काळ्या होतात. या ॲलर्जीचा रस्ता वेगळा, दोन-तीन दिवसांनी फुलणारा, त्यात हिस्टामिनचा वाटा थोडाच. त्याला धुणं, दूर राहणं आणि कातडीच्या डॉक्टरांचं मलम. एव्हिलनं तिथं फक्त झोप येते, म्हणून खाज कळत नाही आणि माणसाला वाटतं गोळी लागू पडली. झोप येणं म्हणजे औषध काम करतंय असं नाही.

मग घरात ठेवायचं काय. मी माझ्या घरात दिवसाची, झोप न आणणारी एक पट्टी ठेवतो, बस. एव्हिल ठेवायचीच असेल तर ठेवा, पण एकाच ताकदीची. २५ आणि ५० दोन्ही घरात असल्या की अंधारात चूक होते. ती फक्त गांधी-खाजेला, रात्री, गाडी चालवायची नसताना, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर. ढीगभर गोळ्या एकदम पोटात गेल्या तर फिट येते, हृदयाचे ठोके बिघडतात, ही निरुपद्रवी गोळी नाही.

वडलांचं एवढं करा. परत माशी चावली तर पुढच्या वेळी कमी होईल की जास्त हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून एकदा ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा, बेळगावात मिळतील. तिथं कातडीवर टेस्ट करणार असतील तर आधी आठवडाभर एव्हिल-सेटिरिझिन काही घ्यायचं नाही, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते आणि तुमचा हेलपाटा वाया. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगा, ॲटेनोलोल-मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला ॲड्रेनलिन नीट लागू पडेलच असं नाही, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. परदेशात पेनासारखं ॲड्रेनलिन मिळतं ते आपल्याकडं सहज मिळत नाही, काही डॉक्टर ॲम्प्युल आणि सिरिंज देऊन घरच्यांना शिकवतात, ते जमेल का विचारा. काजूच्या हंगामात बागेत एकटं पाठवू नका, आणि आरोग्य केंद्राचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला.

भावाला पित्त नेमकं कशानंतर उठतं, मासे, दुखण्याची गोळी, घाम, थंड वारा, की टेंपोतल्या भाजीवरच्या फवारणीनं, हे त्यानं दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं तर इथंच टाका, मी बघतो. तोवर घाटाच्या रात्री एव्हिल बंद. आणि आई किती वर्षांपासून घेतेय आणि रोज किती, ते पण लिहा.